मुंबईची ग्रंथालये: आश्रय आधी, ग्रंथपाल नंतर

काळा घोडा येथील डेव्हिड ससून ग्रंथालयात शिरताच ससून यांचा संगमरवरी पुतळा समोर येतो. मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट म्हणून १८४७ साली सुरू झालेल्या या संस्थेला १८७० मध्ये आजची वास्तू मिळाली, ती ससून घराण्याच्या मोठ्या देणगीमुळे. विद्यापीठाच्या ग्रंथालयामागे प्रेमचंद रायचंद यांचे दान होते. १८९८ मध्ये स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय मात्र मराठी वाचकांच्या संघटित प्रयत्नांतून उभे राहिले. देणगीदार असो वा कार्यकारी मंडळ, कारभार त्यांच्या हाती राही आणि ग्रंथपाल हा त्यांचा पगारी नोकर असे.

बडोद्यात हा क्रम वेगळा होता. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेतले, त्यामुळे राजाश्रय आणि व्यावसायिक ज्ञान तेथे एकदमच आले.

मुंबई इलाख्यात सरकारने हात घातला तो बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये ग्रंथालयांच्या प्रश्नावर नेमलेल्या फैजी समितीच्या रूपाने. मंत्रिमंडळाने त्याच वर्षी राजीनामा दिला. मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंतची समितीची उतरंड बराच काळ कागदावर राहिली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास तिचा थोडा भाग अमलात आला.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात, ज्यामागे ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांची खटपट होती, मालमत्ता करावर ग्रंथालय कर बसवला गेला. महाराष्ट्राने कर टाळून राज्याच्या तिजोरीतून अनुदान देण्याचा मार्ग निवडला. राजकीयदृष्ट्या तो सोयीचा होता, कारण नवा कर लादावा लागला नाही आणि गावोगावच्या वाचनालयांचे चालकही दुखावले गेले नाहीत. शासनाने स्वतःची ग्रंथालये गावोगाव काढण्याऐवजी आहेत त्या संस्थांना मान्यता देऊन अ, ब, क, ड अशा वर्गांत बसवले. 'शासनमान्य अ वर्ग' ही पाटी त्यातूनच आली.

किंमत मात्र ग्रंथपालाने मोजली, असे या लेखकाचे मत आहे. अनुदान संस्थेला मिळते आणि कर्मचाऱ्याचे वेतन त्याच अनुदानातून भागवायचे असल्याने, ग्रंथालयशास्त्राची पदविका घेतलेल्या माणसालाही शासकीय ग्रंथपालाची वेतनश्रेणी मिळत नाही. वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती लागू करा, ही अनुदानित ग्रंथालयांतील कर्मचाऱ्यांची मागणी त्यामुळे वर्षानुवर्षे निवेदनांत आणि मोर्च्यांत येत राहिली आहे. २०१२ मध्ये राज्यभर झालेल्या ग्रंथालयांच्या पडताळणीत महसूल खात्याच्या कर्मचाऱ्यांनी दप्तरे तपासली, तेव्हा आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली दाखल नोंदवही उघडून समोर बसला तो बहुधा हाच ग्रंथपाल.