फोटो काढणारा उपग्रह आणि गॅमा स्फोट मोजणारा उपग्रह

जळगाव असो की धुळे, विज्ञान प्रदर्शनात क्यूबसॅट, म्हणजे छोटा खोक्याएवढा उपग्रह, म्हणून ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याला समोर भिंग चिकटवलेलं असतंच. खाली कार्डावर लिहिलेलं: 'गॅमा किरण स्फोटाचे फोटो घेतो.' घेत नाही हो! हे स्फोट म्हणजे दूरच्या अवकाशातून थोडा वेळ येणारा गॅमा किरणांचा लोट, आणि उपग्रह तो नुसता मोजतो.

फोटोवाला उपग्रह तुम्हाला ठाऊक आहे. भिंग किंवा आरसा, मागे सेन्सर, आणि चित्रात तापीचा पट्टा, रावेर-यावलच्या केळीबागा. सौर पट्ट्या, बॅटरी, रेडिओ गॅमा स्फोट मोजणाऱ्याचेही तसेच.

गॅमा किरणांना मात्र भिंग वळवू शकत नाही की साधा आरसा परतवू शकत नाही. म्हणून इथे अंधारबंद डबीत सीझियम आयोडाइडसारखा स्फटिक ठेवतात. किरण त्यात अडकला की बारीक प्रकाश चमकतो आणि शेजारचा सिलिकॉन सेन्सर तो मोजतो. हाती येतो तो फक्त आकडा: इतक्या वेळात इतके किरण. आकडा अचानक चढला की स्फोटाची शंका घ्यायची. शंकाच, कारण दक्षिण अटलांटिकवरून किंवा ध्रुवांजवळून जाताना तिथले विद्युतभारित कणही आकडा असाच चढवतात.

बरं, स्फोट खरा निघाला. कुठून आला? 'स्फोट टिपला' आणि 'स्फोटाची जागा सापडली' या दोन गोष्टी बातम्यांत सर्रास एक करतात, चीड येते ती याची.

केळी भरायच्या शेडचं दुपाखी पत्र्याचं छप्पर आठवा. आत बसून ढग दिसत नाही, पण तिरपा पाऊस ज्या अंगाने येतो, त्या अंगाची पाखी जास्त वाजते. नासाच्या २०२४ मधल्या बर्स्टक्यूब उपग्रहावर असे स्फटिक-सेन्सरचे चार संच वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवले होते ते यासाठीच. कुणाचा आकडा किती, यावरून दिशा काढायची. निघते, पण ढोबळ.

दुसरी वाट घड्याळाची, आणि माझं मत तिच्याच बाजूने. प्रकाश १ मिलिसेकंदात ३०० किलोमीटर जातो. ५५० किलोमीटर उंचीवरचे दोन उपग्रह पृथ्वीच्या अगदी विरुद्ध बाजूंना असले, तरी त्यांच्यातलं अंतर १३,८०० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे किरण पोचण्यातला फरक फार तर ४६ मिलिसेकंद. तो मोजला की आकाशात एक वर्तुळ मिळतं, स्फोट त्यावर कुठेतरी. तिसऱ्या उपग्रहामुळे त्यावर दोनच जागा उरतात, चौथा त्यातली खरी कोणती ते सांगतो. घड्याळं जुळलेली नसतील तर हे सगळं वाया. पैसा आधी अचूक वेळ देणाऱ्या जीपीएस रिसीव्हरवर घाला, स्फटिक मग मोठा करा.

२०२१ मध्ये अवकाशात गेलेला जीआरबीअल्फा हा क्यूबसॅट घ्या. १० सेंटिमीटरचा घन, आत ७५ × ७५ × ५ मिलिमीटरचा एकच स्फटिक. ९ ऑक्टोबर २०२२ ला आजवर नोंदलेला सर्वांत प्रखर स्फोट आला, तेव्हा किरण इतके आले की बऱ्याच मोठ्या उपकरणांची मोजणी तुंबली. याचा स्फटिक लहान, म्हणून याला शिखरही मोजता आलं. पण तो दर ४ सेकंदांची बेरीज ठेवत होता, आणि तेवढ्यात प्रकाश १२ लाख किलोमीटर जातो. त्या आकड्यांतून जागा काढायची म्हणाल तर अशक्य, आणि ते त्याचं कामही नव्हतं.

बाकी फरक किरकोळ. फोटोवाल्याला घट्ट स्थिर धरावं लागतं. हा थोडा डुलला तरी बिघडत नाही, फक्त कुठल्या क्षणी तोंड कुठे होतं याची नोंद हवी.