वीज हवी की माकड?

सिंहपुच्छ माकड महाराष्ट्रात नाही. ते कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूतल्या पश्चिम घाटाच्या सदाहरित रानांतच सापडतं. काळं अंग, चेहऱ्याभोवती करडी आयाळ आणि शेपटीला सिंहासारखा गोंडा. सत्तरच्या दशकात हा लाजाळू प्राणी केरळच्या राजकारणात ओढला गेला. पालक्काड जिल्ह्यातल्या सायलेंट व्हॅलीत कुंतीपुळा नदीवर जलविद्युत धरण बांधायचं होतं, आणि १९७३मध्ये नियोजन आयोगाने त्याला मंजुरीही दिली होती.

बुडणार होती सुमारे ८३० हेक्टर जमीन. दरीतल्या रानाचा जेमतेम दहावा हिस्सा, एवढ्यासाठी काय ओरडता, असं धरणवाले म्हणत.

पण हे माकड बहुतेक आयुष्य झाडांवरच काढतं. कुठलं झाड कधी फळेल याचा नेम नसतो. इतर फळं संपली की कुलेनिया नावाच्या झाडाच्या फुलांवर आणि बियांवर दिवस काढावे लागतात. त्यामुळे एकेका कळपाला सलग आणि भरपूर रान लागतं. स्टीव्हन ग्रीन आणि कॅरन मिन्कोव्स्की या संशोधकांनी त्याच दशकात पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडच्या अशांबू डोंगरांतल्या अभ्यासातून हे मांडलं होतं. त्यात मादीच्या दोन बाळंतपणांत अडीच-तीन वर्षांचं अंतर. एकदा घटलेली संख्या लवकर भरून येत नाही.

हे सगळं खरं असलं तरी मलबारात, म्हणजे उत्तर केरळात, घरात दिवा नसलेल्या माणसाला ते सांगून काय उपयोग? ‘माणसं मोठी की माकडं?’ हा त्याचा प्रश्न रास्तच होता. इथे केरळ शास्त्र साहित्य परिषद कामी आली. विज्ञान लोकांपर्यंत नेणारी १९६२ची ही संस्था, आपल्या मराठी विज्ञान परिषदेहून चार वर्षांनी मोठी. तिच्या पाच जणांनी १९७९मध्ये प्रकल्पाचा अहवाल लिहिला. त्यांत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद होते, अर्थतज्ज्ञ होते, आणि मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेले एम. पी. परमेश्वरनही होते. मलबारला वीज हवीच, हे त्यांनी मान्य केलं, आणि ती दुसऱ्या कुठल्या मार्गाने मिळेल याचा हिशेब मांडला. माकडाच्या फोटोने दिल्लीत आणि परदेशात सहानुभूती मिळाली असेल. गावच्या सभेत मात्र हा हिशेबच उपयोगी पडला, असं मला वाटतं. विजेच्या प्रश्नाला विजेचंच उत्तर द्यावं लागतं.

१९८३मध्ये प्रकल्प रद्द झाला आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं.

तमिळनाडूत वालपारैला पेच निराळा आहे. तिथे चहाच्या मळ्यांत रानाचे तुकडेच उरलेत. तिथल्या पुदुतोट्टम मळ्यातली माकडं जमिनीवर उतरायला शिकली आहेत, रस्ता ओलांडताना गाड्यांखाली सापडतात, घरांत शिरून खाणं पळवतात. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी रस्त्यावरून झाडाझाडांत झुलते पूल बांधलेत आणि गाड्यांचा वेग कमी करायला रस्त्यावर माणसं उभी केली आहेत. पुलांवरून माकडं जातात. स्वयंपाकघरातली नासधूस मात्र पुलाने थांबत नाही, आणि त्या घरांतल्या लोकांशी रोज बोलत राहणं हाही आता तिथल्या संशोधनाचाच भाग झाला आहे.