बाईकचा टेम्परेचर सेन्सर चुकीचं तापमान सांगतो तेव्हा

फ्युएल इंजेक्शनच्या मोटरसायकलमध्ये पेट्रोल किती सोडायचं हे इसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, ठरवतो. इंजिन गार आहे की तापलंय, हे मात्र त्याला सिलिंडर हेडवर किंवा कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) वाटेत बसवलेल्या छोट्याशा सेन्सरकडून कळतं. हा सेन्सर पूर्ण बंद पडला तर लगेच पकडला जातो. अर्धवट बिघडला तर मात्र चांगले प्लग आणि चांगली बॅटरीही विनाकारण बदलली जाते.

सेन्सरच्या आत थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध घटतो. बऱ्याच गाड्यांत २० अंश सेल्सिअसला साधारण २ ते २.५ किलोओहम असलेला रोध ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास उतरतो. इसीयू एका ठरावीक रोधातून ५ व्होल्ट पुरवतो आणि सेन्सरवर किती व्होल्टेज पडतं ते बघतो. जास्त असेल तर इंजिन गार, कमी असेल तर गरम.

वायर तुटली की व्होल्टेज थेट ५ च्या जवळ जातं, म्हणजे उणे ४० अंशांची थंडी. असा आकडा आला की बहुतेक इसीयू चेक इंजिनचा दिवा लावतात, एक ठरलेलं तापमान धरून चालतात आणि अनेक गाड्यांत रेडिएटरचा फॅनही सुरू ठेवतात.

कनेक्टरच्या पिनांवर गंज चढला तर गोष्ट वेगळी. समजा गंजामुळे ८०० ओहमची भर पडली. गार इंजिनाच्या अडीच किलोओहममध्ये ती मिसळून जाते, आकडा थोडेच अंश चुकतो. पण तापलेल्या इंजिनाचे ३०० ओहम ११०० होतात आणि इसीयूला ८० ऐवजी ४० अंश दिसतात. ४० अंश हे अशक्य तापमान नाही, म्हणून दिवा लागत नाही. पेट्रोल मात्र गार इंजिनासारखं जास्त सुटत राहतं. आयडलिंग चढलेलं राहतं, अ‍ॅव्हरेज पडतं, प्लगवर कोरडी काळी काजळी धरते, गरम गाडी बंद करून पुन्हा सुरू करताना त्रास होतो. सगळ्यात वाईट म्हणजे फॅन वेळेवर लागत नाही आणि इंजिन खरोखरच तापतं.

उलट बिघाडात गार इंजिन गरम भासतं. सकाळी स्टार्टर मारत राहावा लागतो, पण एकदा तापली की गाडी छान चालते. ही खूण मला सर्वांत भरवशाची वाटते.

तापमानाचा काटा क्षणात ३० अंश उडाला, तर बहुधा दोष वायरिंगचा किंवा सेन्सरचा. एवढं कूलंट इतक्या झटपट तापत किंवा निवत नाही. कूलंटमध्ये हवा अडकली असेल तरीही काटा असा नाचतो, तेव्हा आधी गार इंजिनावर पातळी बघावी. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नये.

तपासणी दोनदा करावी. रात्रभर उभ्या गाडीचं इग्निशन ऑन करून स्कॅनरवर (इसीयूला जोडून त्याचे आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) इंजिनचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जुळतंय का बघावं. मग इंजिन तापवून पुन्हा बघावं, कारण वरच्या उदाहरणातला गंज गार तपासणीत निसटतो. स्कॅनर नसेल तर सेन्सर काढून, थर्मामीटर लावलेल्या गरम पाण्यात बुडवून मल्टिमीटरने रोध मोजावा आणि सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यांशी ताडावा. तो बरोबर निघाला, तर दोष कनेक्टर, वायर किंवा अर्थिंगमध्ये शोधावा.