टेन्शन वेगळं, हायपरटेन्शन वेगळं

गेल्या महिन्यात एक काकू दुकानात आल्या. आमच्या जुन्या गिऱ्हाईक, दर महिन्याला अम्लोडिपिनच्या तीन पट्ट्या नेणाऱ्या. या वेळी नुसतं कॅल्शियम मागितलं. "बीपीची गोळी आहे का घरात?" मी विचारलं. "ती बंद केली हो. धाकटीचं लग्न पार पडलं, आता कसलंच टेन्शन नाही."

नारायण पेठेत मेडिकल चालवतोय, हे वाक्य महिन्यातून दोन-तीनदा तरी कानावर पडतं. उलटही होतं. मुलाच्या दहावीच्या निकालाच्या आदल्या दिवशी एक गृहस्थ येतात आणि म्हणतात, "फार टेन्शन आलंय, बीपीची एखादी गोळी द्या." मी देत नाही.

टेन्शन म्हणजे काळजी, हे कुणाला सांगायला नको. घोळ असा की हा मराठीतला अर्थ आहे आणि आपण तोच सगळीकडे लावतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'ताणणं'. गणपतीच्या आधी नदीपात्रात पथकांचा सराव चालतो, तिथे उभं राहून बघा. पावसाळी हवेत चामड्याचं पान सैल पडतं, मग दोघं मिळून ढोलाची दोरी ओढतात आणि आवाज पुन्हा वर चढतो. हे खरं टेन्शन. सोसायटीवरून गेलेल्या हाय टेन्शन लाइनमधलं टेन्शन म्हणजे व्होल्टेज. पृष्ठताणातला ताण आणखी निराळा. या अर्थांनी कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून ते इथेच सोडतो.

डॉक्टरी भाषेत मात्र टेन्शन म्हणजे दाब. डोळ्यांचे डॉक्टर 'डोळ्याचं टेन्शन' म्हणतात तेव्हा ते डोळ्याच्या आतल्या दाबाबद्दल बोलत असतात. तसंच हायपरटेन्शन म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर पडणारा रक्ताचा वाढलेला दाब. 'हायपर' म्हणजे जास्त, 'टेन्शन' म्हणजे दाब. काळजी त्या शब्दात कुठेच नाही.

"पण काळजीने बीपी वाढतंच ना?" वाढतं. रिक्षावाल्याशी वाद झाला, पर्वतीच्या पायऱ्या चढलात, दवाखान्यात डॉक्टर समोर आले, तरी आकडा वर जातो. काही जणांचा घरी व्यवस्थित असतो आणि दवाखान्यात मोजला की हमखास जास्त येतो. पण कारण सरलं, थोडा वेळ गेला, की तो उतरतो. शरीर नीट चालल्याचीच ती खूण आहे. हायपरटेन्शन म्हणजे असं चढणं-उतरणं नव्हे. माणूस पाच मिनिटं शांत बसलाय, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर, अर्ध्या तासात चहा-सिगारेट नाही, आणि तरीही वेगवेगळ्या दिवशी आकडा १४०/९० किंवा त्याच्या वरच येतो, तेव्हा डॉक्टर हे नाव देतात. लाट आली आणि ओसरली, ही काळजी. पाण्याची पातळीच वर सरकली, हा आजार.

ती पातळी का सरकते? बहुतेकांच्या बाबतीत एकच एक कारण सापडत नाही. वय, घरातला वारसा, मीठ, वजन, दारू, व्यायामाचा अभाव हे सगळं मिळून ते होतं. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ५ ग्रॅम म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. सतत काळजीत असलेल्या माणसाची झोप जाते, तंबाखू वाढते, त्यातूनही भर पडते. म्हणून काळजी कमी करा, जरूर करा. पण काळजी गेली म्हणून आजार गेला, असं होत नाही. अतिशय शांत, हसतमुख, रोज सारसबागेत फिरणाऱ्या माणसालाही तो असू शकतो, आणि त्याला पत्ता नसतो, कारण बहुधा काहीही दुखत नाही. 'डोकं दुखलं की बीपी वाढलं' हे गणित मला मुळीच मान्य नाही. यंत्र लावल्याशिवाय कळत नाही.

'मला बीपी आहे' हेही मला खटकतं. बीपी म्हणजे रक्तदाब, तो प्रत्येक जिवंत माणसाला असतोच. 'रक्तदाब जास्त आहे' म्हणावं. इतका नेमका मराठी शब्द हाताशी असताना पेशंटसमोर 'हायपरटेन्शन' कशाला?

आणि गोळी. ती घेताना आकडा १२६/८० आला, तर तो गोळीमुळे आला आहे. बंद केली की बहुतेकांचा दाब काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुन्हा जुन्या जागी जातो. काही गोळ्या तर एकदम थांबवल्या की तो उसळतो. कमी करायची की बंद, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

काकूंना खुर्चीत बसवलं. लग्नाच्या गप्पाही मारू दिल्या नाहीत, कारण बोलतानासुद्धा आकडा वाढतो. पाच मिनिटांनी पट्टा बांधला. १६४/९८. पुन्हा घेतला, १६२/९६. "पण मला तर काहीच होत नाहीये," त्या म्हणाल्या. "होणारही नाही काकू, म्हणूनच मोजायचं." दोन्ही आकडे कागदावर लिहून दिले. दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आल्या. पाकिटावर मी मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'रक्तदाब. रोज सकाळी.'