आकडा मोठा, सेल रिकामा

जुलै उजाडला की कोल्हापुरात पन्हाळा-पावनखिंड मोहिमेच्या तारखा ठरू लागतात. रेनकोट कुठला, बूट कसले, भाकरी किती, यावर ग्रुपमध्ये चार दिवस खल चालतो. टॉर्चच्या सेलची आठवण मात्र निघायच्या आदल्या रात्री होते. मग गणपतीत कॅमेऱ्याच्या फ्लॅशसाठी चार्ज केलेले सेल कपाटातून निघतात, ‘भरलेलेच आहेत की’ म्हणत टॉर्चमध्ये बसतात, आणि मसाई पठाराच्या पुढच्या झाडीत अंधार पडला की टॉर्च मिणमिणायला लागतो. शिव्या टॉर्चला बसतात.

खरं तर ते सेल मधल्या काळात कुणी वापरलेही नव्हते. कपाटात बसल्या जागी ते उतरले. पुन्हा चार्ज होणाऱ्या पेन्सिल सेलमध्ये बहुतेक वेळा निकेल-मेटल हायड्राइड हे रसायन असतं आणि त्याच्या जुन्या प्रकाराला ही खोडच आहे. चार्जरमधून काढल्यावर पहिल्या चोवीस तासांत पाच ते दहा टक्के वीज जाते आणि महिन्याभरात वीस-तीस टक्के. उकाड्यात हा वेग आणखी वाढतो. सेलच्या आत दोन टोकांमध्ये जो पडदा असतो, त्यातून सुटणारे नायट्रोजनयुक्त घटक या टोकाकडून त्या टोकाकडे ये-जा करत चार्ज खात राहतात. बाहेर काहीही जोडलेलं नसताना आत हा उद्योग चालू असतो.

२००५ साली जपानच्या सान्यो कंपनीने ‘एनेलूप’ नावाचे सेल बाजारात आणले आणि या दुखण्यावर पहिल्यांदा चांगला उतारा मिळाला. पडद्याचं साहित्य बदललं, हायड्रोजन धरून ठेवणारा मिश्रधातू सुधारला. वर्षभर पडून राहिल्यावरही ८५ टक्के चार्ज शिल्लक राहील, असा त्यांचा तेव्हाचा दावा होता. पुढे सान्यो पॅनासोनिककडे गेली आणि इतर कंपन्यांनीही याच जातीचे सेल काढले. दुकानात ते ओळखायची सोपी खूण म्हणजे पाकिटावर लिहिलेलं ‘प्री-चार्ज्ड’ किंवा ‘रेडी टू यूज’. कारखान्यात भरलेला चार्ज दुकानाच्या फळीवर महिनोन्‌महिने टिकतो, याची खात्री असल्याशिवाय कुणी तसं छापत नाही.

आता दुकानदार काय सांगतो बघा. एका ‘प्री-चार्ज्ड’ पाकिटावर २००० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचा आकडा), शेजारच्या साध्या पाकिटावर २७००, किंमत जवळपास सारखी. हात आपोआप २७०० कडे जातो. रोज रात्री चार्ज करून सकाळी वापरायचं उपकरण असेल तर तोही सौदा वाईट नाही. पण टॉर्च, हेडलॅम्प, हातातला जीपीएस, वॉकीटॉकी या वस्तू महिन्यात एखाद-दोन वेळाच सॅकमधून बाहेर येतात. त्यांच्यासाठी २००० वाला हळू उतरणारा सेल घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय तेवढ्याच डबीत जास्त माल कोंबण्यासाठी आतले थर पातळ करावे लागतात, त्यामुळे जास्त क्षमतेचे सेल साधारणपणे कमी वेळा चार्ज होऊन म्हातारे होतात.

एक शंका हमखास येते. साध्या अल्कलाइन सेलवर १.५ व्होल्ट लिहिलेलं असतं, चार्ज होणाऱ्यावर १.२. मग उपकरण चालेल ना? चालतं. अल्कलाइन सेलचे १.५ व्होल्ट फक्त कोरेपणीचे. वापर सुरू झाला की तो उतरंडीला लागतो आणि मध्यावर १.२ च्या आसपास येतो, शेवटी ०.९ पर्यंत. निकेलचा सेल बहुतांश काळ १.२ वर ठाण मांडून बसतो आणि संपताना एकदम कोसळतो. पेन्सिल सेलवर चालणारं उपकरण बनवणाऱ्याने अल्कलाइनची ही घसरण आधीच धरलेली असते. अडचण होते ती बॅटरीची खूण दाखवणाऱ्या स्क्रीनची. १.२ व्होल्ट दिसले की सेल अर्धा संपला असं ती समजते. म्हणून गार्मिनसारख्या जीपीएसमध्ये सेटिंगमध्ये सेलचा प्रकार निवडायची सोय असते. तिथे निकेल-मेटल हायड्राइड निवडलं की खूण बरीचशी खरं बोलू लागते. तरीही शेवटचा टप्पा झटकन येतो, एवढं ध्यानात ठेवून जोड सेल खिशात असू द्यावेत.

सेल चांगला निवडूनही तो वर्षात खराब झाला तर संशय चार्जरवर घ्यायचा. निकेलच्या सेलचं पोट भरलंय हे ओळखणं, हे चार्जरपुढचं खरं कोडं आहे. सेल भरत आला की त्याच्या धन टोकाशी ऑक्सिजन तयार होऊ लागतो. तो ऋण टोकाशी जाऊन पुन्हा विरतो आणि त्यातून उष्णता निघते. म्हणजे यापुढे आत जाणारी वीज साठत नाही, सेल नुसता तापवते. याच सुमाराला व्होल्टेजही एक गंमत करतं. चार्जिंगभर हळूहळू चढत १.४५ व्होल्टच्या वर गेलेलं व्होल्टेज टोक गाठून किंचित खाली घसरतं. किती किंचित? सेलमागे पाच-दहा मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा शंभरावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. चांगला चार्जर या घसरणीवर डोळा ठेवून बसतो, ती दिसली की प्रवाह तोडतो. सोबतीला तापमान आणि घड्याळ यांचाही पहारा असतो.

स्वस्त चार्जरमध्ये यातलं काहीच नसतं. एक लाल दिवा, बस्स. तो प्लग काढेपर्यंत वीज ढकलत राहतो. तुमच्याकडे असा चार्जर असेल तर त्याच्या पाठीवरचं बारीक अक्षरातलं लेबल वाचा. आउटपुट २०० मिलिअँपिअर असेल आणि सेल २००० एमएएचचा असेल, तर भागाकार करून दहा तास येतात. पण आत जाणारी सगळी वीज साठत नाही, म्हणून अशा संथ चार्जिंगला पूर्ण रिकाम्या सेलसाठी सोळा तास धरतात. सेल अर्धाच रिकामा असेल तर? चार्जरला कळत नाही आणि आपल्यालाही नाही. म्हणून स्मार्ट चार्जरवर खर्च झालेले पैसे सेलच्या आयुष्यातून परत येतात. २००० च्या सेलसाठी साधारण ५०० ते १००० मिलिअँपिअरचा वेग योग्य. त्याहून फार संथ असेल तर व्होल्टेजची ती घसरण इतकी पुसट होते की चार्जरला ती दिसतच नाही. हळू चार्जिंग नेहमीच चांगलं, हा समज इथे उलटा पडतो.

चार्जर घेताना आणखी एक गोष्ट बघा: प्रत्येक खाच्याला वेगळा दिवा आहे का. दोन-दोनच्या जोडीने चार्ज करणाऱ्या यंत्रात एक सेल भरलेला आणि दुसरा रिकामा असेल, तर एकाला अपचन आणि दुसरा उपाशी. चार्जिंगच्या शेवटी सेल बोटाला कोमट लागला तर काळजी नको. हातात धरवत नसेल तर तो चार्जर बदला.

सेलच्या जोड्या फोडू नयेत, हेही याच कारणाने. चार सेलच्या टॉर्चमध्ये एक अशक्त असेल तर तो आधी रिकामा होतो. उरलेले तिघे त्याच्यातून वीज ढकलतच राहतात, त्याची टोकं उलटी होतात, आत वायू धरतो आणि तो कायमचा जायबंदी होतो. सेलवर मार्करने घेतल्याचा महिना आणि संचाचं अक्षर लिहून ठेवावं. दिसायला वेड्यासारखं दिसतं, पण चालतं.

आता लिथियम. १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेली लिथियम-आयन बॅटरी आज फोनपासून हेडलॅम्पपर्यंत सगळीकडे आहे. ती घडवणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. टॉर्चमधला तिचा ओळखीचा अवतार म्हणजे १८६५० हा जाडसर सेल. नावातच माप आहे: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. त्यावर ३००० एमएएच लिहिलेलं पाहून ‘आपल्या २००० वाल्यापेक्षा दीडपटच की’ असं म्हणायची घाई करू नका. राधानगरीच्या धरणावर वीज किती होईल, हे पाणी किती यासोबतच ते किती उंचीवरून पडतं यावरही ठरतं. सेलमध्ये ही उंची म्हणजे व्होल्टेज. निकेलच्या सेलचे १.२ व्होल्ट गुणिले २ अँपिअर-तास म्हणजे २.४ वॉट-तास. लिथियमचे ३.६ गुणिले ३ म्हणजे १०.८. वजन दीडपटीच्या थोडं वर, ऊर्जा साडेचारपट.

हाच हिशोब पॉवर बँकला लावा. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टवरचा, म्हणजे ३७ वॉट-तास. व्होल्टेज वाढवताना आणि पुन्हा फोनमध्ये भरताना काही वीज उष्णतेत जाते. ५००० एमएएचचा फोन त्यावर दोनदा भरेल असं वाटतं, हाती लागतं दीडच्या आसपास.

ऑनलाइन बाजारात १८६५० सेलवर ९९०० एमएएच छापलेलं दिसतं. आकडा नाद खुळा आहे, पण सेल खोटा आहे. नामांकित कंपन्यांचे चांगले सेल ३५००-३६०० च्या घरात थांबतात, त्या डबीत त्याहून फार जास्त मावतच नाही. खऱ्या सेलचं वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतं. गुजरीत कुणी ओळखीचे सराफ असतील तर त्यांच्या काट्यावर घालून बघा, फारच हलका भरला तर परत करा.

पेन्सिल सेलच्याच मापाचा १४५०० नावाचा लिथियम सेलही मिळतो. तो डबल ए च्या खाच्यात गपकन बसतो आणि १.५ च्या जागी ३.७ व्होल्ट सोडतो. उपकरण त्यासाठी बनवलेलं नसेल तर ते जळू शकतं. याच मापाचे आत छोटं सर्किट असलेले, यूएसबीने चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेल मात्र वेगळे. ते शेवटपर्यंत १.५ व्होल्ट देतात, त्यामुळे उपकरणाला सेल भरलेलाच दिसतो आणि मग एका क्षणात सगळं बंद. काहींचं सर्किट रेडिओत खरखर आणतं, म्हणून वॉकीटॉकीत घालण्याआधी घरी ऐकून घ्या.

‘पूर्ण उतरल्याशिवाय चार्जला लावू नको’ हा घरोघरीचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला. लिथियमला तो मारक आहे. तिला अर्धवट चार्ज आवडतो. पूर्ण भरून उकाड्यात ठेवणं आणि पार रिकामी करून विसरून जाणं, या दोन गोष्टींनी ती लवकर म्हातारी होते. मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर पॉवर बँक ठेवणं म्हणजे तिच्या आयुष्याची वर्षं स्वतःहून कमी करणं. ठेवणीतली लिथियम बॅटरी निम्मी भरून, सावलीत, कोरडी ठेवावी आणि मोहिमेच्या आदल्या दिवशी पूर्ण भरावी.

शिरोळ-करवीरकडे मात्र अजून एक तिसरं रसायन घराघरांत आहे. शेतीची वीज रात्रीची आली की उसाला पाणी पाजायला जाताना हातात जो मोठा चार्जिंगचा टॉर्च असतो, तो जड असेल तर आत बहुधा सीलबंद लेड-अॅसिड बॅटरी असते. लिथियमला अर्धवट चार्ज आवडतो, हिला मात्र तो सोसत नाही. तिला रिकामी ठेवली की पत्र्यांवर सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि ती पुन्हा चार्जच धरत नाही. पावसाळ्यात पाण्याची पाळी नसल्याने हा टॉर्च खुंटीला अडकवला जातो, तोही अर्धा उतरलेला. दसऱ्याला तो मेलेला निघतो. वापर नसतानाही दीड-दोन महिन्यांनी त्याला चार्जला लावायला हवं. नवीन टॉर्च घ्यायचा असेल तर लिथियमचा घ्यावा, कारण बांधावरून चालताना वजनाचा फरक लगेच कळतो.

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आपल्याकडे एक सवय अनेक घरांत लागली आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की घरातले सगळे सेल, टॉर्च, पॉवर बँक भरून घ्यायचे. ४३ फुटांची धोका पातळी गाठेपर्यंत थांबलं तर वीज आधी जाऊ शकते. ढगाळ दिवसांत घडीचं सोलर पॅनेल उपयोगी पडेल या भरवशावर राहू नका. जाड ढगांखाली ते नेमून दिलेल्या विजेच्या दहाव्या हिश्श्यावरही येतं.

डोंगरात फोन वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय बॅटरीत नाहीच. रेंज नसलेल्या खोऱ्यात फोन टॉवर शोधत पूर्ण ताकदीने ओरडत राहतो आणि तेवढ्यात निम्मी बॅटरी खातो. फ्लाइट मोड लावा, त्यात लोकेशन चालू ठेवता येतं. जीपीएस फक्त उपग्रहांचे संदेश ऐकतो, त्याला रेंज लागत नाही. नकाशा तेवढा घरून डाउनलोड करून न्या.

राहता राहिले मेलेले सेल. फुगलेली लिथियम बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जला तर अजिबात लावायची नाही. पार तळाला जाऊन महिनोन्‌महिने पडलेली लिथियमही यूट्यूब बघून जिवंत करू नका, तिच्या आतलं तांबं विरघळून आत शॉर्ट होण्याची भीती असते. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून सेल वेगळ्या डब्यात ठेवा. घंटागाडीतल्या कचऱ्यात टाकलेला लिथियम सेल गाडीत चेपला गेला तर आग लागू शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सेल घेताना दुकानदाराला ‘जुने कुठे द्यायचे?’ असं विचारून घ्या, आणि कचरापेटीवर फुली मारलेली खूण पाकिटावर दिसते का तेही बघा.