विषाणू गेला, मग हा ताप कशाचा?

घरातल्या सगळ्यांना सर्दी-ताप येऊन गेला. मुलाला तर दोनच दिवस कणकण होती, तिसऱ्या दिवशी ते खेळायलाही गेलं. त्याला महिना होत आला आणि एका संध्याकाळी त्याच मुलाचं अंग चटके बसावेत इतकं तापलं. थर्मामीटर १०३ दाखवतोय, पोट दुखतंय, दोन उलट्या झाल्यात, डोळे लाल आहेत पण चिपडं नाहीत. अशा वेळी आईवडिलांना आधी आठवतं ते बाहेरचं खाणं. महिन्यापूर्वीची सर्दी कुणाच्या ध्यानातही नसते, आणि डॉक्टरांनी मुद्दाम विचारलं नाही तर ती सांगितलीही जात नाही.

आधीची सर्दी आणि नंतरचा ताप यांची सांगड लागली ती २०२० च्या एप्रिलअखेर, कोविडच्या पहिल्या लाटेत. लंडनमधल्या अतिदक्षता विभागात जोरदार ताप, पोटदुखी, पुरळ आणि घसरलेला रक्तदाब अशी मुलं येऊ लागली. अशा आठ मुलांची माहिती मे महिन्यात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्याच सुमारास इटलीतल्या बेर्गामोच्या डॉक्टरांनी कळवलं, की कावासाकी या लहान मुलांच्या ताप-पुरळाच्या आजारासारख्या आजाराचं प्रमाण नेहमीच्या ३० पट झालंय. यातल्या बऱ्याच मुलांचा स्वॅब निगेटिव्ह येई, रक्तात मात्र कोविडच्या अँटिबॉडी सापडत. विषाणू येऊन गेलेला होता. आजाराला ‘मल्टिसिस्टिम इन्फ्लमेटरी सिंड्रोम इन चिल्ड्रन’ असं लांबलचक नाव मिळालं, दवाखान्यात त्याचं ‘एमआयएस-सी’ झालं. महाराष्ट्रात २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेचा भर ओसरत असताना, मे-जूनमध्ये, बालरोग विभागांना त्याने घेरलं. संसर्ग आणि हा आजार यांत साधारण दोन ते सहा आठवडे जातात.

मधल्या काळात शरीरात काय घडतं? साध्या सर्दीत विषाणू घशातल्या पेशी खराब करतो. इथे नुकसान करते ती प्रतिकारशक्ती, आणि तेही विषाणू बहुतेक निघून गेल्यावर. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात, एमआयएस-सी झालेल्या सुमारे एक तृतीयांश मुलांच्या रक्तात एसएनएक्स-८ या शरीराच्याच प्रथिनावर चालून जाणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या. या प्रथिनाचा एक बारीकसा तुकडा कोरोना विषाणूच्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाच्या एका तुकड्यासारखा आहे. चोर ओळखायला शिकलेल्या पेशी चोरासारखा दिसणारा घरातलाच माणूस धरतात, असा प्रकार. उरलेल्या दोन तृतीयांश मुलांचं कोडं यातून सुटत नाही.

सुरुवातीच्या काळातल्या अमेरिकेतल्या हिशेबानुसार, दर ३ हजार संसर्गांमागे साधारण एका मुलाला हा आजार झाला. ओमिक्रॉननंतर प्रमाण खूप खाली आलं, आणि आज तो दुर्मीळ आहे. त्याचा थोरला भाऊ मात्र कोविडच्या आधीही होता आणि आजही आहे. त्याचं नाव कावासाकी.

टोकियोच्या रेडक्रॉस रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी १९६१ च्या जानेवारीत चार वर्षांच्या एका मुलाला तपासलं, आणि त्याचा आजार कुठल्याच नावात बसेना. अशी ५० मुलं जमल्यावर १९६७ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. नेमकं कारण अजून हाती लागलेलं नाही. एखाद्या संसर्गानंतर ठिणगी पडत असावी, असा कयास आहे. २०२० मध्ये मास्क आणि बंद शाळांच्या काळात जपानमध्ये कावासाकीचे रुग्ण लक्षणीय घटले, ही गोष्ट त्या कयासाला बळ देते.

कावासाकी बहुतेक पाच वर्षांखालच्या मुलांना होतो. पाच दिवस किंवा अधिक ताप, आणि त्यासोबत पाचपैकी चार खुणा, ही त्याची पुस्तकी व्याख्या. खुणा मात्र जवळून पाहायला हव्यात. दोन्ही डोळे लाल होतात, पण बुबुळाभोवती एक बारीक पांढरी कड शिल्लक राहते आणि पापण्या चिकटत नाहीत. ‘डोळे आले’ की सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. ओठ लालबुंद होऊन फुटतात, जिभेवर स्ट्रॉबेरीसारखे दाणे दिसतात. अंगावर पुरळ उठतं. तान्ह्या बाळात ते लंगोटाच्या जागी आधी दिसू शकतं. तळहात-तळपाय लाल आणि टम्म होतात, मूल खेळणं हातात धरत नाही, पाय टेकत नाही. मानेत, बहुधा एकाच बाजूला, दीड सेंटिमीटरहून मोठी गाठ येते. भारतात जवळजवळ प्रत्येक बाळाला बीसीजी मिळालेली असते, म्हणून आणखी एक खूण उपयोगी पडते: दंडावरचा बीसीजीचा जुना व्रण अचानक लाल होऊन सुजतो. आणि मूल कमालीचं किरकिरं होतं, कडेवर घेतलं तरी थांबत नाही.

अडचण अशी, की या खुणा एकाच दिवशी हजर नसतात. मंगळवारी डोळे लाल, गुरुवारी ते निवळतात आणि ओठ फुटतात, शुक्रवारी दवाखान्यात पोचेपर्यंत पुरळही फिकं पडलेलं असतं. मग प्रत्येक खुणेला वेगळं नाव मिळतं. तिसऱ्या दिवशी अँटिबायोटिक सुरू झालेलं असतं, म्हणून पुरळाला ‘औषधाची अ‍ॅलर्जी’ म्हणतात. गाठीला ‘गाठ पिकतेय’ म्हणतात. बाळाच्या लघवीत पू-पेशी दिसतात, कल्चरमध्ये जंतू उगवत नाहीत, तरी ‘लघवीचं इन्फेक्शन’ ठरतं. म्हणून रोज चार जागांचा एकेक फोटो काढून ठेवा: डोळे, ओठ-जीभ, तळवे, पुरळ. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता. बालरोगतज्ज्ञाला हे चार फोटो दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त कामाचे वाटतात.

घाई हृदयापायी असते. उपचार न मिळालेल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांत हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांना फुगवटे येतात. पहिल्या दहा दिवसांत योग्य औषध मिळालं तर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास येतं. सहा महिन्यांखालची बाळं सर्वांत फसवी: त्यांच्यात पाचपैकी दोनच खुणा दिसू शकतात आणि धमन्यांना धोका मात्र सर्वाधिक. एवढ्या लहान बाळाचा ताप कारण न सापडता सात दिवस चालला, तर बाकी काहीच दिसत नसलं तरी रक्त तपासणं आणि टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेणं, हाच रिवाज आहे.

एमआयएस-सीमधलं मूल बहुधा थोडं मोठं, आठ-नऊ वर्षांचं असतं. त्याचं पोट इतकं दुखतं, की अपेंडिक्स समजून सर्जनकडे नेलं जातं. हृदयाची पंप करण्याची ताकद कमी होऊन रक्तदाब पडू शकतो. तपासण्यांत सीआरपी आणि फेरिटिन हे सूज दाखवणारे आकडे खूप वाढलेले, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कमी, आणि बऱ्याचदा प्लेटलेट उतरलेल्या दिसतात. कावासाकीत दुसऱ्या आठवड्यात प्लेटलेट उलट चढतात. रिपोर्ट वाचताना एकक बघा. सीआरपी ३० मिलिग्रॅम प्रतिलिटर आणि ३ मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर हे एकच आहे, आणि या घोळात रात्री-अपरात्री उगाच घबराट होते. कोविड अँटिबॉडीच्या पॉझिटिव्ह रिपोर्टवरही आता फार विसंबू नये. जवळजवळ प्रत्येक मुलाला संसर्ग होऊन गेलेला आहे, त्यामुळे त्यातून फारसं काही सिद्ध होत नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर या दोन्ही आजारांचे तोतये फिरत असतात. डेंग्यूत पुरळ, पोटदुखी आणि उतरलेल्या प्लेटलेट सगळं येतं, आणि धोक्याचा काळ तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरत असतानाच सुरू होतो. ‘ताप गेला, आता बरं आहे’ म्हणून सलाईन काढून घरी नेलेलं मूल त्याच रात्री गार पडू शकतं. स्क्रब टायफस विदर्भात ओळखीचा आहे, २०१८ मध्ये नागपूर भागात त्याची साथ आली होती. झाडीगवतातल्या अतिसूक्ष्म किड्याच्या चाव्याने तो होतो. चाव्याच्या जागी सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली पडते, दुखत नाही, आणि काखेत, जांघेत किंवा केसांच्या कडेला लपते. मुलाचे कपडे काढून नीट पाहिल्याशिवाय ती सापडत नाही. ती सापडली तर डॉक्सिसायक्लीन किंवा अझिथ्रोमायसिनने काम होतं. न सापडल्याने एमआयएस-सी समजून स्टेरॉइड सुरू झालं, तर खऱ्या आजाराला मोकळं रान मिळतं.

घरी काय करायचं? ताप हाताने बघू नका. थर्मामीटर काखेत लावा, दिवसातून चार वेळा आकडा वहीत लिहा आणि पुढे तापाचा कितवा दिवस तेही लिहा. औषध द्यायचं ते पॅरासिटामॉल, एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम. बाटलीवर ५ मिलीत २५० लिहिलं असेल तर हे ३.६ मिली होतं, ५ मिलीत १२५ असेल तर ७.२ मिली. तान्ह्यांच्या थेंबांच्या बाटलीत मात्र १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे १.८ मिली पुरतं. धाकट्याची थेंबांची बाटली उचलून थोरल्याला ‘नेहमीसारखं सात मिली’ पाजणं, ही चूक घरोघर होते, आणि ती यकृताला महागात पडते. डेंग्यूची शंका असेपर्यंत आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड आणि अ‍ॅस्पिरिन घरच्या डब्यातून देऊ नका.

आकड्यापेक्षा मुलाकडे बघणं जास्त सांगून जातं. १०३ ताप असूनही पॅरासिटामॉलनंतर उठून खेळणारं मूल, आणि १००.५ ला डोळे मिटून पडलेलं मूल, यातलं दुसरं आधी न्यायचं. छातीच्या मधल्या हाडावर बोट पाच सेकंद दाबून सोडा; पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांत भरायला हवा. सावळ्या अंगावर तो कळत नसेल तर नखावर बघा. हात-पाय गार, आठ तास लघवी नाही, धाप, ग्लानी, ओठ निळसर, सतत उलट्या, पोटाला हात लावू न देणं, काचेचा ग्लास दाबूनही न फिकटणारे लाल-जांभळे ठिपके: यातलं एक जरी दिसलं, तरी सकाळची वाट पाहू नये. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ ताप आला तर तेवढंच कारण पुरेसं आहे. बाकी सगळं ठीक असलं तरी तीन दिवस उलटूनही ताप हटत नसेल, तर फोनवर सल्ला न घेता मूल प्रत्यक्ष दाखवा, आणि गेल्या दोन महिन्यांतला प्रत्येक ताप-खोकला सांगा.

कावासाकी किंवा एमआयएस-सी ठरलं तर आयव्हीआयजी दिलं जातं. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून वेगळ्या केलेल्या या अँटिबॉडी. मात्रा किलोमागे २ ग्रॅम. १५ किलोच्या मुलाला ३० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या सहा बाटल्या, १० ते १२ तासांत हळूहळू. भरभर सोडलं तर थंडी वाजते, डोकं दुखतं, म्हणून नर्स सुरुवातीला थेंब मोजत बसते. औषध महाग आहे, आणि खर्चाच्या विचारात दोन दिवस गेले तर दहा दिवसांची मुदत हातातून जाते. योजनांची चौकशी पहिल्याच दिवशी करा. औषध संपून ३६ तासांनंतरही ताप असला तर ते लागू पडलेलं नाही असं धरतात, आणि १० ते २० टक्के मुलांत तसं होतं. मग पुढचा टप्पा. आयव्हीआयजीनंतर ईएसआर हा रक्तातला सुजेचा आकडा औषधामुळेच वाढतो, त्यामुळे त्या आकड्याने घाबरू नये. एमआयएस-सीत सोबत स्टेरॉइडही देतात आणि ते काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवतात. ‘आता बरा झाला’ म्हणून घरी मध्येच बंद केलं की आजार उसळू शकतो. टूडी एको सुरुवातीला, मग एक-दोन आठवड्यांनी आणि चार ते सहा आठवड्यांनी. पहिला नॉर्मल आला म्हणून पुढचे चुकवू नका, फुगवटे उशिरा दिसू शकतात. एमआयएस-सीत हृदयाला झळ लागली असेल, तर तीन ते सहा महिने धावण्याच्या शर्यती, फुटबॉल, कबड्डी बंद.

ताप गेल्यावर, आजाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बोटांच्या टोकांपासून सालं सुटतात. बघायला भयंकर, प्रत्यक्षात निरुपद्रवी. ती सोलू नका, खोबरेल तेल लावा.

विषाणूनंतरची प्रत्येक तक्रार इतकी गंभीर नसते, हेही खरं. फ्लू बरा होता होता मूल सकाळी उठतं आणि पोटऱ्या दुखतात म्हणून टाचा टेकतच नाही, चवड्यावर चालतं. ही स्नायूंची सूज आठवडाभरात आपोआप ओसरते. लघवी चहाच्या रंगाची झाली तरच धावपळ. सर्दीनंतर अचानक लंगडणारं, पण ताप नसलेलं मूल बहुधा खुब्याच्या तात्पुरत्या सुजेचं निघतं. लंगडणं आणि ताप एकत्र आले तर सांध्यात पू नाही ना, हे त्याच दिवशी पाहावं लागतं.

कावासाकी किंवा एमआयएस-सीचं मूल घरी आल्यावर काही आठवडे डॉक्टरांनी लिहून दिलेलं कमी मात्रेतलं अ‍ॅस्पिरिन चालू राहतं. त्या काळात आयबुप्रोफेन दिलं तर अ‍ॅस्पिरिनचा परिणाम मारला जातो. आणि मुलाला फ्लू झाला किंवा शेजारी कांजिण्या निघाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, कारण या दोन आजारांत अ‍ॅस्पिरिनमुळे रे सिंड्रोम हा मेंदू आणि यकृताचा आजार होऊ शकतो. लसीकरणाच्या कार्डावर आयव्हीआयजीची तारीख ठळक लिहून ठेवा. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांची लस त्यापुढे ११ महिने लांबवतात, कारण दात्यांच्या अँटिबॉडी लसीतला विषाणू आधीच निकामी करतात आणि डोस वाया जातो. पोलिओ आणि पेंटाव्हॅलेंट ठरलेल्या वेळीच घ्यायच्या. अंगणवाडीत किंवा शाळेच्या लसीकरण शिबिरात हे कुणी विचारत नाही, तेव्हा कार्ड सोबत न्यायचं आणि तारखेवर बोट ठेवून दाखवायचं.