एपिड्यूरल स्टेरॉइड इंजेक्शन

एपिड्यूरल स्टेरॉइड इंजेक्शन : मेरुरज्जू व तंत्रिकामुळे (मेरुरज्जूतून निघणाऱ्या नसांची मुळे) यांच्या सर्वांत बाहेरील आवरणाला दृढतानिका म्हणतात. या आवरणाच्या बाहेर, मेद आणि शिरांच्या जाळ्याने भरलेल्या अरुंद पोकळीत दाहशामक स्टेरॉइड सोडण्याची ही उपचारपद्धती आहे. बोलीत तिला ‘मणक्यातले इंजेक्शन’ म्हणतात. कमरेपासून नितंबामार्गे पोटरीत व पावलात उतरणारी कळ (सायटिका) हा तिचा मुख्य विषय होय. नुसत्या जुनाट कंबरदुखीसाठीही ती वापरली जाते. मात्र या दोन उपयोगांमागील पुरावा एका तोलाचा नाही. येथील स्टेरॉइड कॉर्टिसोनच्या कुळातील असून व्यायामशाळांतून चर्चिल्या जाणाऱ्या स्नायुवर्धक स्टेरॉइडांशी त्याचा संबंध नाही.

सायटिकाचे वर्णन प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत गृध्रसी या विकारात पाय उचलण्याची क्रिया अडते असे म्हटले आहे. उताण्या झोपलेल्या रुग्णाचा पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलून पाहण्याच्या आजच्या चाचणीशी त्याचे साम्य लक्षणीय आहे, तथापि गृध्रसी व सायटिका या संज्ञा पूर्णपणे एकरूप मानणे सयुक्तिक ठरणार नाही. ‘गादी सरकली, नस दबली’ ही आजची सर्वपरिचित कारणमीमांसा मात्र अलीकडची असून मिक्स्टर व बार या बॉस्टनच्या शल्यचिकित्सकांच्या १९३४ मधील लेखानंतर ती रूढ झाली. नुसत्या दाबाने सर्व वेदनेचा उलगडा होत नाही. ज्यांना काहीच त्रास नाही अशा अनेकांच्या एमआरआय चित्रांतही चकती (दोन मणक्यांमधील गादी) बाहेर आलेली दिसते. चकतीच्या गाभ्यातून निसटलेला द्रव्यांश तंत्रिकामुळाभोवती दाह निर्माण करतो, असे पुढील संशोधनात दिसून आले. स्टेरॉइड हा दाह शमविते. सरकलेली गादी ते जागेवर बसवीत नाही.

पद्धतीचा आरंभ कोणापासून मोजावा याविषयी मतभेद आहेत. न्यूयॉर्कचे तंत्रिकाविकारतज्ज्ञ जेम्स लिओनार्ड कॉर्निंग यांनी १८८५ मध्ये एका रुग्णाच्या पाठीच्या मणक्यांमध्ये कोकेनचे द्रावण टोचले आणि पायांची संवेदना मंदावल्याचे नोंदविले. औषध दृढतानिकेच्या आत गेले की बाहेरच राहिले, हा वादाचा मुद्दा आहे. दृढतानिकेच्या आत असणारा मेरुद्रव सुईवाटे बाहेर आल्याचा उल्लेख कॉर्निंग करीत नाहीत आणि बधिरता सावकाश आली. हे पाहता औषध बाहेरच राहिले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तरीही त्या पोकळीची निश्चित कल्पना ठेवून केलेला तो प्रयोग नव्हता. म्हणून आरंभाचा मान बहुधा १९०१ या वर्षाला दिला जातो. त्या वर्षी पॅरिसमध्ये झाँ-आतानाझ सिकार व फेर्नाँ कातलँ यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे त्रिकास्थीच्या (कमरेच्या मणक्यांखालील त्रिकोणी हाडाच्या) खालच्या छिद्रातून या पोकळीत कोकेन सोडण्याची रीत प्रसिद्ध केली. कातलँ हे मूत्ररोगतज्ज्ञ होते व त्यांचे लक्ष मुख्यतः शस्त्रक्रियेसाठीच्या बधिरतेकडे होते. सिकार यांनी मात्र ती थेट सायटिकाच्या वेदनेवर योजली. प्रस्तुत उपचाराचे जनकत्व एकालाच द्यायचे, तर सिकार यांचा हक्क त्यामुळे सरस ठरतो. यानंतरची काही दशके प्रोकेन हे बधिर करणारे औषध व मिठाचे पाणी मोठ्या प्रमाणात सोडले जाई आणि गुण येतो तो द्रावणाच्या दाबाने नस सुटल्यामुळे, असेही मानले जाई. कॉर्टिसोनवरील कार्यास १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाल्यावर स्टेरॉइडची भर पडली. रोबेक्की व काप्रा यांनी इटलीत १९५२ मध्ये, तर लिएव्र व सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये १९५३ च्या सुमारास हायड्रोकॉर्टिसोन वापरले. अग्रक्रम सहसा पहिल्या दोघांना दिला जातो.

औषध तीन वाटांनी सोडता येते : माकडहाडाच्या किंचित वर बोटाला लागणाऱ्या दोन हाडांच्या टोकांमधील छिद्रातून, दोन मणक्यांच्या कमानींमधून, किंवा नस जेथून बाहेर पडते त्या बाजूच्या छिद्रातून. रुग्णाला पोटाखाली उशी देऊन पालथे झोपवितात व त्वचा बधिर करतात. कमानींमधून जाताना सुईला जोडलेल्या सिरिंजचा दट्ट्या आधी घट्ट अडतो आणि सुई पोकळीत शिरताच एकाएकी सैल पडतो. हीच जुनी खूण आजही वापरली जाते. अलीकडे क्ष-किरणांच्या पडद्यावर रंगद्रव्य नसेलगत पसरलेले पाहूनच औषध सोडतात. औषध जात असताना रुग्णाला कित्येकदा नेहमीचीच कळ पायात उतरल्यासारखी जाणवते.

परिणामकारकतेविषयी अपेक्षा मर्यादित ठेवावी लागते, आणि हे रुग्णाला सुई टोचण्यापूर्वीच सांगितले गेले पाहिजे. कॅनडातील १९९७ च्या चाचणीत १५८ रुग्णांना मिथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड किंवा तुलनेसाठी मिठाचे पाणी दिले गेले. पायाची कळ आरंभीच्या आठवड्यांत काहीशी उतरली, पण तीन महिन्यांनी लक्षणीय फरक उरला नाही. वर्षभरात शस्त्रक्रिया करावी लागलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सुमारे एकचतुर्थांशच राहिले. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २५ चाचण्या एकत्र पाहता १०० गुणांच्या मापावर पायाच्या वेदनेत सुमारे ५ गुणांचा अल्पकालीन फरक आढळला. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये तीव्र व नव्या सायटिकासाठी या उपचाराचा विचार करण्यास मुभा दिली, नुसत्या कंबरदुखीसाठी मणक्यातली इंजेक्शने देऊ नयेत असे सांगितले. २०२५ मध्ये बीएमजे या नियतकालिकातील मार्गदर्शिकेने जुनाट सायटिकासाठीही प्रतिकूल शिफारस केली. वेदनाचिकित्सकांच्या संघटनांनी तीस हरकत घेतली आहे. ताज्या, पायात उतरणाऱ्या असह्य कळेत काही आठवड्यांचा दिलासा मिळू शकतो आणि तेवढ्या अवधीत चकती आपोआप आकसण्यास वाव मिळतो, हे मत पुराव्याशी अधिक जुळते.

गंभीर उपद्रव विरळ आहेत, पण क्षुल्लक नाहीत. बाजूच्या छिद्रातून जाताना कणयुक्त स्टेरॉइड रोहिणीत (धमनीत) शिरल्यास मेरुरज्जूचा रक्तपुरवठा तुटून पाय कायमचे लुळे पडू शकतात. म्हणून तेथे कणरहित डेक्सामेथासोन पसंत केले जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये अशा उपद्रवांबाबत इशारा दिला. तत्पूर्वी २०१२ मध्ये तेथे बुरशीने दूषित झालेल्या मिथिलप्रेडनिसोलोनच्या कुप्यांमुळे मस्तिष्कावरणदाहाची साथ उद्भवून ६० हून अधिक रुग्ण दगावले. मधुमेही व्यक्तीची रक्तशर्करा इंजेक्शननंतर काही दिवस चढते, त्यामुळे तिची तपासणी आधी व नंतर करावी लागते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ती आधी सांगणे अत्यावश्यक असते. लघवी वा शौचावरील ताबा सुटणे, बसण्याची जागा बधिर होणे किंवा पाऊल झपाट्याने लुळे पडणे ही लक्षणे असल्यास इंजेक्शनात वेळ न दवडता तातडीने एमआरआय करून बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते.